पहिलं पुस्तक काढायचंय? छापखान्यात सगळ्यात शेवटी जा

"किती दिवसांत छापून मिळेल?"

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात, गेली वीस-बावीस वर्षं मी प्रुफं तपासतो, मांडणी करून घेतो, वेळ पडली तर प्रेसमध्ये मशीनशेजारी उभा राहतो. नवा लेखक आला की पहिला प्रश्न हाच असतो. खिशातून पेन ड्राइव्ह निघतो, टेबलावर येतो, आणि चहा यायच्या आत मला तारीख विचारली जाते. ती तारीख बहुतेक वेळा लेखकाच्या साठीची किंवा एकसष्टीची असते.

माझं उत्तरही ठरलेलं आहे. छापायला आठवडा, पुस्तक व्हायला वर्ष.

पूर्वी छपाई हेच मोठं काम होतं. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवायचे, प्रूफ (तपासायची कच्ची छपाई) काढायचं, चुका काढून पुन्हा जुळवायचं. पुढे ऑफसेट आलं तरी हजार-अकराशे प्रती काढल्याशिवाय हिशेब बसत नसे. एवढे पैसे कागदात अडकणार म्हणून प्रकाशक दहा वेळा विचार करी, आणि त्या विचारातच निवड, संपादन, नकार सगळं होऊन जाई. आता डिजिटल मशीनवर पन्नास प्रतीसुद्धा निघतात, मोबाइलवर लिहिलेली कथा रात्रीत ई-बुक होते. प्रकाशकाच्या दारात ताटकळायची गरज उरलेली नाही. पण तो प्रकाशक जी कामं करायचा ती काही संपली नाहीत. ती लेखकाच्या अंगावर आली आहेत, आणि बऱ्याच जणांना हे पुस्तकाचे गठ्ठे घरी आल्यावर कळतं.

म्हणून हा क्रम. पहिल्यांदा पुस्तक काढणाऱ्यांसाठी.

पायरी १ : मजकूर युनिकोडमध्ये आणा

युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर सारखंच वाचलं जाणारं अक्षरांचं कोडिंग. हे वाचून कंटाळा येईल, पण निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

मराठीत अक्षरजुळणीचा मोठा काळ श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरवर गेला. त्यांचे जुने फॉन्ट दिसायला देखणे, पण त्यांचं आतलं कोडिंग प्रत्येकाचं वेगळं. तुमचा मजकूर तशा फॉन्टमध्ये असेल तर तो छापील पानावर उत्तम दिसतो, मात्र ई-बुकमध्ये, वेबसाइटवर किंवा शोधयंत्रात त्याला काही अर्थ उरत नाही. मग कन्व्हर्टर लावायचा. कन्व्हर्टर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर करतो आणि उरलेल्या दोनांत तुमची लाज काढतो. मागे एका आत्मचरित्राचं रूपांतर तपासत होतो. 'निर्णय'चा 'निणर्य' झालेला, 'वर्ष'चा 'वषर्', आणि 'दुसऱ्या'चा अर्धा र सरळ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला. एकाच पानावर असे अकरा. लेखकांनी तेच पान आदल्या दिवशी वाचून 'ठीक आहे' असा शेरा मारला होता. त्यांचा दोष नाही. स्वतःचं लिखाण वाचताना डोळा अक्षरं बघतच नाही, आठवण वाचतो.

तेव्हा अजून लिहायचं असेल तर सुरुवातच युनिकोडमध्ये करा. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड शिकलात तर सोन्याहून पिवळं, नाहीतर मोबाइलचा मराठी कीबोर्ड चालेल. बोलून टाइप करण्याची सोयही मराठीत आता बरी आहे. फक्त ती विरामचिन्हं गिळते, आणि गावांची-माणसांची नावं आपल्या मनाने बदलते. सगळी प्रकरणं एकाच फाइलमध्ये ठेवा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत स्वतःला ईमेल करा. 'फायनल', 'फायनल-२', 'नवीन फायनल' अशा नावांनी मी आयुष्यातले बरेच तास खाल्ले आहेत.

पायरी २ : संपादन वेगळं, मुद्रितशोधन वेगळं

"शुद्धलेखन तपासून घेतलंय" म्हणजे संपादन झालं, असा सार्वत्रिक समज आहे. मुद्रितशोधक वेलांटी-उकार पाहतो. पुस्तक कुठे सुरू व्हावं, कोणतं प्रकरण नको, कुठे लेखक वाचकाला विसरून स्वतःशीच बोलतोय, हे संपादक पाहतो.

एका निवृत्त एसटी वाहकांच्या आठवणी आमच्याकडे आल्या होत्या. पहिली चौदा पानं कूळ, मूळ गाव, आजोबांची जमीन, शाळेतले गुरुजी. पंधराव्या पानावर वाक्य आलं : गाडी घाटात बंद पडली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि आत एक अडलेली बाई होती. मी म्हटलं, "काका, पुस्तक इथून सुरू होतंय." ते दुखावले. "म्हणजे आमचे आजोबा गेले?" आजोबा गेले नाहीत. चाळिसाव्या पानावर, काका पहिला पगार घरी घेऊन जातात तिथे ते सहा ओळींत आले आणि आधीपेक्षा जास्त जिवंत झाले. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. आता लोक एआयकडून 'भाषा सुधारून' आणतात. तशा मजकुरात प्रत्येक परिच्छेद सारख्याच उंचीचा असतो आणि वाहकाचा मास्तर झालेला असतो. टायपिंगच्या चुका शोधायला यंत्र जरूर वापरा, पण त्याने सुचवलेला प्रत्येक बदल स्वतः वाचून मगच ठेवा.

लेखनाच्या नियमांबद्दल थोडं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये आलेले आणखी ४, असे १८ नियम आपण पाळतो किंवा मोडतो. पण पुस्तकात खरी अडचण येते ती एकसारखेपणाची. निवेदनात 'घरे, असे, केले' लिहायचं की 'घरं, असं, केलं', हे पहिल्या दिवशी ठरवा आणि कागदावर लिहून मुद्रितशोधकाला द्या. माझ्याकडे प्रत्येक पुस्तकाचा असा एक कागद असतो : आकडे अंकी की अक्षरी, 'ट्रॅक्टर' की 'ट्रक्टर', गावाचं नाव लोक म्हणतात तसं की सरकारी पाटीवरचं. कागद नसेल तर तिसऱ्या प्रुफात भांडण नक्की.

याच टप्प्यावर दुसऱ्यांचा मजकूर किती घेतलाय ते तपासा. कवितेच्या ओळी, पत्रं, फोटो, वृत्तपत्रातली कात्रणं. आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६५मध्ये गेलेल्या कवीची कविता १ जानेवारी २०२६पासून मुक्त झाली, १९७० साली गेलेल्याची अजून नाही. अनुवाद घेतला असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. 'नाव दिलंय की' हे परवानगीला उत्तर होत नाही.

पायरी ३ : वाट निवडा

सरळ सांगायचं तर आज तीन वाटा आहेत.

पहिली, प्रकाशक स्वतःच्या पैशाने पुस्तक काढतो आणि तुम्हाला मानधन देतो. मराठीत ते साधारण छापील किमतीच्या १० ते १५ टक्के असतं. इथे वाट पाहावी लागते. चार-सहा महिने उत्तर येत नाही, आलं तर नकार असू शकतो. सगळ्यांना एकाच वेळी पूर्ण हस्तलिखित पाठवू नका. आधी त्या प्रकाशकाच्या यादीत तुमच्यासारखी पुस्तकं आहेत का ते बघा. मग एक पानाचं पत्र, अनुक्रमणिका आणि दोन प्रकरणं पाठवा. कवितासंग्रहाला प्रकाशक मिळण्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.

दुसरी, पुस्तक तुम्हीच काढायचं. प्रकाशक म्हणून नाव तुमचं किंवा घरच्या कुणाचं, संपादक, चित्रकार आणि प्रेस तुम्ही गाठायची. दगदग आहे, पण हिशेब स्वच्छ राहतो.

तिसरी वाट मधली आणि सगळ्यात गर्दीची : पैसे तुमचे, नाव प्रकाशकाचं. कुणी त्याला 'लेखक सहयोग' म्हणतं, कुणी 'पॅकेज'. पैसे देऊन पुस्तक काढण्यात पाप नाही. आपल्याकडे कित्येक चांगली पुस्तकं लेखकांनी बायकोचे दागिने मोडून काढली आहेत. गोंधळ आहे तो आंधळेपणाने पैसे देण्यात. पैसे देण्याआधी लेखी विचारा : किती प्रती छापणार? त्यातल्या मला किती? उरलेल्या कुणाच्या मालकीच्या आणि कुठे ठेवणार? विकल्या तर मला काय? संपादन कोण करणार, त्या माणसाशी बोलता येईल का? मुखपृष्ठाची आणि आतल्या पानांची उघडी (पुढे बदल करता येईल अशी) फाइल मला मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा चुळबुळ करू लागला तर चहा संपवून निघा.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशाच एका पॅकेजला पंच्याहत्तर हजार दिले. करारात 'पहिली आवृत्ती' एवढंच लिहिलं होतं, आकडा नव्हता. आवृत्ती निघाली शंभर प्रतींची. पन्नास त्यांना मिळाल्या, बाकीच्या 'वितरणात' गेल्या. दोन वर्षांनी त्या पुन्हा छापायला निघाल्या तेव्हा फाइल कुणाकडेच नव्हती. मी छापील प्रत स्कॅन करून सगळं पुस्तक परत जुळवलं.

मदतही आहे, तिचा विचार या टप्प्यावरच करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळ जाहिरात काढून हस्तलिखितं मागवतं, ती तज्ज्ञांकडून वाचून घेतं आणि निवडलेल्यांना प्रकाशनासाठी अनुदान देतं. वेळ लागतो. पण परक्या माणसाने तुमचं लिखाण गंभीरपणे वाचल्याचा फायदा पैशापेक्षा मोठा असतो. अट अशी की पुस्तक आधी छापलेलं चालत नाही, म्हणून घाई करून दार बंद करून घेऊ नका.

पायरी ४ : करार वाचा, मोठ्याने वाचा

मराठीत अजूनही निम्मे व्यवहार 'आपलं ठरलंय ना' यावर चालतात. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे, त्याचं कलम १९ प्रत्येक लेखकाने एकदा तरी वाचावं. त्यात तीन गोष्टी लेखकाच्या बाजूच्या आहेत. हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही, तर वेगळं काही ठरलं नसल्यास ते तुमच्याकडे परत येतात. ही तरतूद प्रकाशकांनाही ठाऊक असते, म्हणून छापील करारात 'संपूर्ण मुदतीसाठी, सर्व माध्यमांत, जगभर' असे शब्द आधीच बसवलेले असतात. ते खोडता येतात. पेन काढा आणि खोडून दाखवा. दहातले सात प्रकाशक मान्य करतात, हा माझा अनुभव.

सगळ्यात महत्त्वाचं, हक्क सुटे करा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट-मालिका हे पाच वेगळे डबे आहेत. वीस वर्षांपूर्वी पहिला डबा सोडला तर बाकीचे रिकामेच असत, त्यामुळे कुणी बघत नसे. आता एखाद्या ग्रामीण कादंबरीचं छापील पुस्तक पाचशे खपतं आणि तिचं ऑडिओ त्याहून जास्त ऐकलं जातं. जो प्रकाशक ऑडिओ काढतच नाही, त्याला तो हक्क कशाला द्यायचा?

करारात आणखी तीन आकडे हवेत : एका आवृत्तीत किती प्रती, हिशेब कोणत्या तारखेला (३१ मार्च सोयीचा पडतो) आणि पुस्तक संपल्यावर किती महिन्यांत पुन्हा छापलं नाही तर हक्क परत. मुखपृष्ठाच्या चित्रकाराकडूनही लिहून घ्या की चित्र ई-बुक, फलक, समाजमाध्यमं सगळीकडे वापरता येईल. हे विसरलं जातं आणि मग प्रकाशनाच्या आदल्या दिवशी फोनाफोनी होते.

कॉपीराइटची नोंदणी करावी का, असं हमखास विचारतात. सक्तीची नाही. लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचा झाला. चोरीची धास्ती असेल तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढंच.

पायरी ५ : आयएसबीएन आणि श्रेयपान

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा तेरा अंकी क्रमांक. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी ऑनलाइन अर्जावर देते, तोही फुकट. लेखकालाही स्वतःच्या नावाने मिळतो. त्याचे दोन-पाच हजार मागणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार करा. साध्या बांधणीची, पुठ्ठा बांधणीची आणि ई-बुक अशा तिन्ही आवृत्त्यांना वेगळे क्रमांक लागतात. आणि दुसऱ्या कुणी स्वतःच्या कोट्यातला क्रमांक तुम्हाला दिला तर नोंदीत प्रकाशक तो होतो, तुम्ही नाही.

श्रेयपानावर, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या पानावर, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता, मुद्रक, आवृत्तीचा महिना-वर्ष, किंमत, मुखपृष्ठकार आणि मुद्रितशोधक एवढं असावं. मुद्रितशोधकाचं नाव घाला. हे मी स्वार्थाने सांगतोय.

पायरी ६ : मांडणी, कागद, आणि आता प्रेस

पुस्तकाचा आकार बहुधा डेमी, म्हणजे कथा-कादंबऱ्यांचा नेहमीचा. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या घडीच्या कागदावर, होते, म्हणून १६० पानं म्हणजे बरोबर दहा फर्मे. तुमचा मजकूर १६३ पानांवर थांबला तर तीन पानांसाठी नवा फर्मा लागतो. तेव्हा मांडणीकाराला सांगून तीन प्रकरणांच्या आधीची कोरी पानं काढा नाहीतर टाइप अर्ध्या पॉइंटने कमी करा. अर्ध्याहून जास्त नको, तुमचा वाचक पन्नाशीच्या पुढचा आहे.

कागद आतल्या पानांना ७० किंवा ८० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). पांढऱ्यापेक्षा नॅचरल शेड डोळ्यांना बरी. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. बांधणी नुसत्या गोंदावर करणार की फर्मे शिवून, हे विचारा. नुसत्या गोंदावरची शंभर पानं दुसऱ्या उन्हाळ्यात सुटतात.

फॉन्टबद्दल एक सूचना. बरेच युनिकोड फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनलेले असतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श त्यांत येतो का, हे छापून बघा, पडद्यावर नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठीचा कंपोजर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते. मांडणीकार सवयीने जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर त्याची चेष्टा करू नका, वेग त्याच्या बोटांत आहे. फक्त शेवटी युनिकोड फाइल हवी, हे पैसे ठरवतानाच सांगा.

आता पैसे. समजा १६० पानांच्या पुस्तकाची किंमत २५० रुपये. दुकानदार-वितरक मिळून ४० टक्के सवलत घेतात, हाती राहिले १५०. लेखकाचे १० टक्के, म्हणजे २५. छपाई-बांधणी प्रतीमागे ७५ धरली तर उरले ५०. त्यातून संपादन, मुखपृष्ठ, टपाल, गोदाम, परत आलेल्या मळक्या प्रती आणि प्रकाशकाचं घर. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे खरं, पण कागदावर आणि छपाईवर तो असतो आणि प्रकाशकाला परत मिळत नाही. हा हिशेब तुमच्या प्रेसच्या आकड्यांनी एकदा स्वतः मांडून बघा. प्रकाशक लुटतात हे वाक्य त्यानंतर जरा जपून वापराल. मीही पूर्वी ते बरंच वापरायचो.

किती प्रती? ज्यांची नावं तुम्ही कागदावर लिहू शकता त्यांच्या दुप्पट. शंभर-दीडशेपर्यंत डिजिटल परवडतं, पाचशेच्या पुढे ऑफसेटची प्रतीमागची किंमत झपाट्याने खाली येते, मधल्या आकड्यांसाठी दोन्हीकडचे दर मागवा. मोह एकच असतो : "अजून पाचशे काढल्या तर फक्त कागदाचाच खर्च." त्या पाचशे प्रती कॉटखाली कित्येक पावसाळे काढतात. वाळवीला साहित्याची आवड असते.

पायरी ७ : चार प्रती सरकारी ग्रंथालयांना

१९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कॉनेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारे हे बहुतेक विसरतात.

पायरी ८ : वाचकापर्यंत

प्रकाशन समारंभाचा खर्च काढून बघा : हॉल, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, बटाटेवडे. तेवढ्यात दोनशे प्रती छापून होतात. समारंभ करू नका असं म्हणत नाही, आयुष्यात एकदा येतो. पण वडे खाऊन गेलेल्यांतले किती जण पुस्तक घेऊन गेले, हे टेबलावर बसलेल्या भाच्याला विचारा.

त्याऐवजी जुनी प्रकाशनपूर्व सवलत योजना काढा. मराठीत ती मोठमोठ्या कोशांपासून चालत आली आहे. पूर्वी पोस्टकार्ड आणि मनीऑर्डर होती, आता व्हॉट्सॲप आणि यूपीआय. महिनाभर आधी एक पान, मुखपृष्ठ आणि क्यूआर कोड पाठवा : २५०चं पुस्तक १८०ला, टपालासह. यातून छपाईचे पैसे उभे राहतात आणि खरी मागणी किती ते प्रेसमध्ये जाण्याआधी कळतं. 'अभिनंदन'वाले आणि पैसे पाठवणारे यांचं प्रमाण पाहून वाईट वाटून घेऊ नका.

टपालाचं गणित बदललंय. जुनी बुकपोस्टाची सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांचे हाल झाले. १ मे २०२५पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू झाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं, म्हणून श्रेयपान नीट करा म्हटलं. ७० जीएसएमवरचं १६० पानी डेमी पुस्तक साधारण १९० ग्रॅम भरतं, पाकिटासकट आरामात तीनशेच्या आत. अडीचशे पानांचं पाकिटासकट तीनशेच्या वर सरकतं. पानं ठरवताना हेही डोक्यात असू द्या. मी आता घरात स्वयंपाकाचा काटा ठेवतो, बायकोचा आक्षेप आहे.

दुकानांत प्रती ठेवायला द्याल तेव्हा चलनावर (प्रती दिल्याच्या पावतीवर) सही घ्या आणि तीन महिन्यांनी स्वतः जा. ॲमेझॉन, बुकगंगा अशा ठिकाणी पुस्तक असायलाच हवं, कारण सोलापुरात किंवा इंदुरात बसलेला माणूस नाव टाकून शोधतो. पण तिथे नुसतं 'असणं' म्हणजे विक्री नाही.

ग्रंथालयं विसरू नका. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली ही यंत्रणा कितीही कुरकुरत असली तरी मराठी पुस्तकाचा मोठा गिऱ्हाईक तीच. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी करतं, त्यासाठी त्यांच्या सूचनेप्रमाणे पुस्तक सादर करा. तुमच्या जिल्ह्यातल्या 'अ' वर्गाच्या (सरकारी प्रतवारीत सगळ्यात वरच्या) ग्रंथालयांत स्वतः जा. ग्रंथपाल हा असा माणूस आहे की तो पुस्तक वाचून चार जणांना सांगतो. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे विभाग आहेत, त्यांची मुदतही टिपून ठेवा.

प्रदर्शनांत संमेलनाचा मांडव आहेच, आणि २०२३पासून फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात भरणारा पुणे पुस्तक महोत्सव. एकट्याने गाळा घेऊ नका. चार-पाच लेखक मिळून घ्या आणि आळीपाळीने उभे राहा. खुर्ची ठेवू नका, बसलेल्या लेखकाकडे कुणी येत नाही.

पायरी ९ : ई-बुक आणि ऑडिओ

ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर मराठी ई-बुक स्वतः चढवता येतं. मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय असतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. पीडीएफ चढवू नका, मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. ईपब बनवा, त्यात वाचकाला अक्षर लहान-मोठं करता येतं. आणि हो, पहिल्या पायरीवर युनिकोड केलं नसेल तर इथे पुन्हा तीच कथा.

परदेशातले मराठी वाचक ई-बुक आणि ऑडिओ जास्त घेतात, कारण न्यू जर्सीला पुस्तक पाठवायचं टपाल पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. ऑडिओला मराठीत खरी चालना २०१७मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं ॲप भारतात आलं तेव्हापासून मिळाली. स्वतःच्या आवाजात वाचण्याचा हट्ट मात्र एक प्रकरण घरी रेकॉर्ड करून, दुसऱ्याला ऐकवून मगच धरा.

पीडीएफची चोरी होणार. पुस्तक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरताना दिसेल, पाठवणारा तुमचा मावसभाऊ असेल. त्याला फोन करा आणि ई-बुकची लिंक पाठवा. अनोळखी टेलिग्राम चॅनेल असेल तर तक्रार करून ठेवा.

शेवटचं काम पुस्तक हातात आल्याच्या दिवशीचं. एका प्रतीच्या पहिल्या पानावर लाल पेनने 'दुसरी आवृत्ती' असं लिहून ती बाजूला काढा. कुणाला देऊ नका, सहीसुद्धा करू नका. वाचकांचे फोन येतील : पान ४२वर सन चुकलाय, पान ९१वर आत्याचं नाव बदललंय. ते तिथेच समासात टिपा. माझ्या कपाटात अशा साठ-सत्तर प्रती आहेत. वाहक काकांच्या प्रतीत पान ११२वर त्यांनी स्वतः येऊन टिपलंय : 'त्या बाईला मुलगी झाली होती, मी मुलगा लिहिलाय. मुलीचा परवा फोन आला.'